गाणं बंद, तरी स्पीकर चालूच

या महिन्यात स्पीकरचीच पत्रं जास्त आली. कुणाचा गुणगुणतो, कुणाचा भुणभुणतो. एका काकांनी तर "म्हातारं मांजर झोपेत घुरघुरावं तसा" असं लिहिलंय, आणि ते वाचून मला आवाज नेमका ऐकू आला. मला असंच पत्र हवं असतं. "आवाज येतो" एवढ्यावर थांबू नका. कसा येतो, कधी येतो, कशाला हात लावला की थांबतो, ते लिहा. माझं दुकान मिरजेत, सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. इथलं गिऱ्हाईक काउंटरवर स्पीकर ठेवताना "हमिंग येतंय" म्हणत नाही, "खर्जात काहीतरी लागून राहिलंय" म्हणतं. निम्मं काम तिथेच होतं.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. वाईत आमचा जुना वाडा आहे. दिवाळीत नातीसाठी डेस्कटॉप कॉम्प्युटर घेतला आणि सोबत तीन डब्यांचा स्पीकर संच, एक मोठा, दोन लहान. पहिल्या दिवसापासून आत भुंगा अडकल्यासारखा आवाज. दुकानदाराने संच एकदा बदलून दिला, तरी तेच. गंमत अशी, की कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्याला मी हात टेकवला की आवाज जवळजवळ जातो आणि काढला की पुन्हा सुरू. नात म्हणते, "आजोबा, तुम्ही तिथेच बसून राहा." कधी उघडं कोपर पत्र्याला घासलं तर बारीक मुंग्याही येतात. तिसरा संच मागावा का?
निवृत्त शिक्षक, वाई

उत्तर : सर, तिसरा मागू नका. पहिले दोन्ही संच चांगलेच असणार. मुंग्यांचं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. माझ्या दृष्टीने सगळं पत्र त्या एका वाक्यात आहे. तुमच्या वाड्यात, निदान त्या खोलीच्या बोर्डात, अर्थिंग नाही.

वाईला न येता हे इतक्या ठामपणे कसं सांगते? पत्र्याला हात लावला की आवाज थांबणं ही त्याची पक्की खूण आहे म्हणून. कॉम्प्युटरच्या आत विजेचा एक डबा असतो, दुकानात त्याला एसएमपीएस म्हणतात. त्यात वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते आणि त्यातून पुष्कळ कचरा तयार होतो. हा कचरा घराच्या वायरिंगमध्ये शिरू नये म्हणून आत दोन निळे, चण्याच्या डाळीएवढे कंडेन्सर बसवलेले असतात. (शिकलेली मुलं कपॅसिटर म्हणतात, आमच्या दुकानात अप्पांच्या वेळेपासून कंडेन्सरच.) एक फेज आणि पत्र्याच्या मध्ये, दुसरा न्यूट्रल आणि पत्र्याच्या मध्ये. त्यांनी कचरा पत्र्यावर आणून सोडायचा आणि तिथून तो थ्री-पिनच्या जाड पिनमधून जमिनीत जायचा, अशी सोय केलेली असते. आता ती जाड पिन ज्या भोकात गेली, त्याच्या मागे तारच नसेल तर? दोन सारखे कंडेन्सर २३० व्होल्टची निम्मी-निम्मी वाटणी करतात आणि पत्रा साधारण ११५ व्होल्टवर लोंबकळत राहतो. घाबरू नका, त्यामागे जोर नसतो. प्रवाह अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपास किंवा त्याहून कमी. म्हणून झटका बसत नाही, मुंग्या येतात. टेस्टर लावला तर मिणमिणता पेटेल. मॉनिटर आणि प्रिंटर त्याच बोर्डावर असतील तर त्यांचीही गळती यात मिळते.

वाड्याला पन्हळ नसली की पावसाचं पाणी भिंतीवरून वाट काढतं. ही गळतीही तशीच वाट काढते, आणि तिला सगळ्यात सोयीची सापडते ती स्पीकरची तार. त्या बारीक तारेत तीन धागे असतात: डावा, उजवा आणि दोघांचा मिळून एक परतीचा. गळती या परतीच्या धाग्यावरून स्पीकरकडे जाते आणि त्याच्या ट्रान्सफॉर्मरमधून पुढे झिरपते. गाणंही त्याच धाग्यावरून परत फिरतंय. अँप्लिफायर बिचारा दोन्ही मोठं करून ऐकवतो. तुम्ही हात टेकवता तेव्हा गळतीला तुमच्या शरीरातून जमिनीची वाट मिळते. म्हणजे सर, सध्या वाड्याचं अर्थिंग तुम्ही आहात.

मागच्या पावसाळ्यात इथे ब्राह्मणपुरीत अशाच एका वाड्यात मला बोलावणं आलं होतं. मालक म्हणाले, "थ्री-पिन बसवलाय की आम्ही!" मेन स्विच पाडला आणि बोर्ड उघडला. समोरून थ्री-पिन नवाकोरा, पांढराशुभ्र. मागे लाकडी पट्टीवरून आलेल्या दोनच तारा, कापडी वेष्टणाच्या. बोट लावलं की वेष्टण भुरभुर खाली पडत होतं. तिसऱ्या भोकामागचा पितळी स्क्रू कारखान्यातून आला तसा चकचकीत. त्याला कधी स्क्रू-ड्रायव्हर लागलाच नव्हता. मालकांना मी तो स्क्रूच दाखवला, बाकी काही समजावून सांगावं लागलं नाही.

तेव्हा तुम्ही परवानाधारक वायरमन बोलवा. तो मीटरने फेज आणि अर्थमध्ये व्होल्टेज बघेल. ते फेज आणि न्यूट्रलमध्ये येतं तेवढंच यायला हवं, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये अगदी एक-दोन व्होल्ट. ही मोजणी स्वतः करू नका. अर्थ नसेलच, तर परसात, जिथे ओल टिकते अशा जागी खड्डा घ्यायचा. नेहमीच्या जमिनीत साधारण अडीच मीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर झाकण. उन्हाळ्यात अधूनमधून त्यात पाणी ओतायचं. तिथून हिरवी तार बोर्डापर्यंत आणायची. सगळा वाडा एकदम उकलणं जमणार नसेल, तर आधी कॉम्प्युटरची खोली, स्वयंपाकघर आणि गिझर. माणूस आलाच आहे तर मेनजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज आपोआप तोडणारा स्विच) पण बसवून घ्या.

एक गोष्ट मात्र होऊ देऊ नका, आणि यासाठी मी भांडायलाही तयार आहे. काही वायरमन खड्ड्याच्या भानगडीत न पडता थ्री-पिनच्या तिसऱ्या भोकात न्यूट्रलच जोडून देतात. दहा मिनिटांचं काम. भुंगा जातो, मुंग्या जातात, टेस्टर पेटत नाही, सगळे खूश. पुढे कधीतरी मागे कुठे न्यूट्रल तुटतो. मग चालू असलेल्या पंख्यातून किंवा बल्बमधून फेज त्या न्यूट्रलच्या तारेत येतो आणि तिथून सरळ नातीच्या कॉम्प्युटरच्या पत्र्यावर. तेव्हा अर्ध्या मिलिअँपिअरच्या मुंग्या नसतात, पूर्ण जोराचे २३० व्होल्ट असतात. तार नळाला बांधण्याचा सल्लाही कुणी देईल. नळाचे पाइप आता प्लास्टिकचे असतात आणि नसले तरी ते त्या कामासाठी नाहीत.

अर्थिंग झाल्यावरही थोडी गुणगुण राहिली तर पुन्हा लिहा. राहील असं वाटत नाही.

प्रश्न : ताई, मी गायनाचे वर्ग घेते. मोबाइलवर तानपुरा लावून नऊ वर्षांपूर्वीच्या २.१ स्पीकरवर (एक मोठा डबा, दोन लहान) ऐकवते. सहा महिन्यांपासून त्यात एक सलग सूर लागून राहतो. आवाजाचं बटन शून्यावर आणलं, पिन काढून टाकली, तरी तो तेवढाच. पेटीवर शोधला तर खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचशी जातो, थोडा चढा. माझ्या मोठ्या मुलांची पट्टी काळी एक, म्हणजे तानपुऱ्याचा पंचम काळी चार. हा त्याच्या खाली, अगदी कुशीत बसतो, आणि मुलं पंचम उतरा लावू लागली आहेत. नवे स्पीकर घ्यावेत का?
गायन शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या कानाला आधी दंडवत. मीटर न लावता तुम्ही फ्रिक्वेन्सी सांगितलीत. त्या सप्तकातली पांढरी पाच म्हणजे सेकंदाला ९८ कंपनं, ९८ हर्ट्‌झ. तुमचा सूर आहे १०० हर्ट्‌झ, म्हणून "थोडा चढा". काळी चार येते १०३.८ वर. तिच्यात आणि या सुरात सेकंदाला जवळजवळ चार वेळा हेलकावा ऐकू येत असेल, तानपुरा जुळत आला की येतो तसा, फक्त हा कधी जुळणार नाही. मुलांचा दोष नाही.

हा १०० कुठून आला? आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. स्पीकरच्या मोठ्या डब्यात ट्रान्सफॉर्मरच्या पुढे चार डायोड असतात. ते लाटेची खालची बाजू वर उलटवतात, म्हणून ५० चे १०० उंचवटे होतात. (माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिकडे वीज ६० आवर्तनांची, म्हणजे तिचा स्पीकर बिघडला तर १२० वर गुणगुणणार, काळी पाच आणि पांढरी सातच्या बरोबर मधोमध. पेटीत नसलेलाच सूर. बिचारीला तक्रारसुद्धा सुरात करता येणार नाही.)

या उंचवट्यांमधल्या दऱ्या भरून काढायला दोन मोठे कंडेन्सर असतात. रांजण समजा. वरून घागरी-घागरीने पाणी पडतं, खालच्या तोटीतून धार मात्र एकसारखी. रांजणात गाळ साचला की घागर पडेल तशी धार कमी-जास्त होऊ लागते. कंडेन्सरच्या आत एक द्रव असतो, तो वर्षानुवर्षं उष्णतेने वाळत जातो, मग त्याच्यात वीज साठायची जागा उरत नाही, आणि तो १०० चा चढउतार थेट अँप्लिफायरपर्यंत पोचतो. आवाजाचं बटन शून्यावर आणून, पिन काढूनही सूर तसाच राहतो हे तुम्ही तपासलंत, त्यामुळे माझं काम संपल्यातच जमा आहे. बटनाच्या आधी काही बिघडलं असतं तर बटनाबरोबर आवाज कमी व्हायला हवा होता. तो होत नाही, म्हणजे दोष बटनाच्या पुढे आहे, आणि पुढे या वयाच्या संचात दहापैकी नऊदा कंडेन्सरच निघतो.

तेव्हा नवे घेऊ नका. जवळच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि समोर उघडायला लावा. मोठ्या डब्याची मागची पाटी काढली की एका बाजूला ट्रान्सफॉर्मर दिसेल, अॅल्युमिनियमच्या पात्यांना चिकटलेले पाच पायांचे काळे आयसी (आवाज मोठा करणाऱ्या चिप) दिसतील (या जातीच्या संचांत पुष्कळदा टीडीए २०३० असतात), आणि त्यांच्या अलीकडे अंगठ्याएवढ्या दोन उभ्या नळ्या. नळीच्या डोक्यावर फुलीसारखी चीर असते. डोकं सपाट हवं. पापड भाजताना मधोमध फुगतो तसं फुगलेलं असेल तर गुन्हेगार सापडला. फुगलेलं नसलं तरी सुटका नाही. काही आतल्या आत वाळतात आणि बाहेरून नवरीसारखे दिसतात. बुडाशी तपकिरी डाग दिसला की लोक "गळला" म्हणून ओरडतात. तो पुष्कळदा नळी हलू नये म्हणून कारखान्यात लावलेला पिवळा डिंक असतो, तापून तपकिरी झालेला. तोही खरवडून काढायला सांगा, कारण जुना झाला की तो थोडी थोडी वीज वाहू लागतो.

नवे कंडेन्सर घेताना नळीवर लिहिलेले मायक्रोफॅरड (साठवायची ताकद) तेवढेच किंवा थोडे जास्त, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ डिग्रीचेच घ्यायचे. ८५ चे स्वस्त मिळतात, दुकानदार "चालतंय की" म्हणेल. चालतं, पण कमी दिवस. १०५ डिग्रीच्या बऱ्याच कंडेन्सरना कंपनी २,००० तासांचं आयुष्य देते, आणि दर १० डिग्री कमी तापला की ते ढोबळमानाने दुप्पट होतं. डब्यात ६५ डिग्री धरले तर ३२,००० तास. ऐकायला खूप वाटतं, पण मागचं बटन कधीच बंद न करता संच रात्रंदिवस चालू ठेवला तर पावणेचार वर्षांत संपतात. वर्ग झाला की मागचं बटन बंद करत जा. दोन्ही कंडेन्सर एकदमच बदला. दोघांचं वय सारखंच, एक थकला की दुसराही थकत आलेला असतो. पांढरा पट्टा ऋण बाजूचा. उलटा बसला तर फटाका.

हे घरी करू नका, करायचंच असेल तर प्लग काढून पाच-दहा मिनिटं थांबून, मग रेझिस्टर लावून कंडेन्सर रिकामा करून. मी शिकत असताना स्क्रू-ड्रायव्हर आडवा टाकून रिकामा करायचे. अप्पा नुसते बघायचे. त्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाला खड्डे पडलेत, तो अजून ड्रॉवरमध्ये आहे, नव्या पोराला दाखवायला. दोन्ही कंडेन्सरचं सामान शंभर-दीडशेत येईल, मजुरी वेगळी.

आणि मधल्या काळात मुलांना तानपुरा मोबाइलवरूनच, स्पीकरशिवाय ऐकवा.

प्रश्न : हॉस्टेलवर राहतो. कॉम्प्युटरच्या पुढच्या भोकात स्पीकर लावला की माउस हलवताना किर्र किर्र होतं, गेम सुरू केला की बारीक शीळ येते. नुसतं संथ पान उघडं असेल तर शांत.
विद्यार्थी, पुणे

उत्तर : माउसबरोबर हलणारा आवाज कॉम्प्युटरच्या पोटातलाच. पुढच्या भोकापर्यंत जाणारी तार मदरबोर्डवरून, ग्राफिक्स कार्डाच्या अंगावरून, पंख्याला वळसा घालून येते आणि वाटेत सगळ्यांची कुजबुज गोळा करते. मागच्या बाजूच्या हिरव्या भोकात लाव. बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं.

नाही भागलं तर एक फुकटचा उपाय. तुझा कॉम्प्युटरचा आवाज २० वर आणि स्पीकरचं बटन पूर्ण वर असणार, हॉस्टेलवर सगळ्यांचं असंच असतं. उलट कर. कॉम्प्युटरचा ८०-९० वर ने आणि स्पीकरचं बटन खाली आण. कचरा मधल्या तारेत मिसळतो; स्पीकर जितका कमी मोठं करेल तितका कचराही कमी. आवाजाच्या सेटिंगमध्ये माइक आणि लाइन-इन म्यूट कर, माइकचं बूस्ट शून्यावर ठेव. एवढ्यानेही शीळ गेली नाही तर यूएसबीचं बाहेरचं साउंड कार्ड घे, दोन-तीनशेपासून मिळतं. नवा कॉम्प्युटर हवा म्हणून हे पत्र घरी दाखवू नको.

एक जाता जाता. स्पीकरची पिन काढून तिच्या टोकाला बोट लावलं की मोठ्ठा "भूं" येतो. पुष्कळ मुलं हे करून "स्पीकर गेला" म्हणत येतात. उलट ती स्पीकर जिवंत असल्याची खूण आहे. आपलं शरीर भिंतीतल्या तारांची हवेतली वीज पकडत असतं, स्पीकर ती ऐकवतो, एवढंच.

प्रश्न : लॅपटॉप बॅटरीवर असला की अँप्लिफायर एकदम स्वच्छ. चार्जर लावला की घुंई सुरू. अर्थिंग मी तपासून घेतलंय, उत्तम आहे. मग?
वाचक, ठाणे

उत्तर : उत्तम आहे म्हणूनच. तुमचं वाईच्या सरांच्या उलट आहे. त्यांच्याकडे गळतीला वाट नाही, तुमच्याकडे दोन आहेत. चार्जरची अर्थ पिन एका बोर्डात, अँप्लिफायरची दुसऱ्या, आणि मधली ऑडिओची तार दोघांना जोडते. झाला फेरा पूर्ण. दोन बोर्डांच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक असला तरी त्या फेऱ्यातून प्रवाह फिरत राहतो, आणि तो तुम्हाला ऐकू येतो.

आधी दोन्ही प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावून बघा. त्याने फेरा लहान होतो, आणि पुष्कळदा घुंई इतकी बारीक होते की गाण्याखाली झाकली जाते. उरली तर "ग्राउंड लूप आयसोलेटर" नावाची काडेपेटीहून जराशी मोठी डबी मिळते, तीन-चारशे रुपयांत. तिच्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. गाणं चुंबकातून पलीकडे जातं, तारेचा सांधा राहत नाही. स्वस्त डबीत ढोलकीचा घुमारा थोडा बारीक होतो. तुम्हाला चालेल की नाही ते तुमच्या गाण्यांवर आहे.

चार्जरची किंवा अँप्लिफायरची जाड पिन कापू नका, टू-पिनचा जोड लावून फसवूही नका. ती पिन इतर दोघींपेक्षा लांब असते, प्लग खोचताना सगळ्यात आधी तीच टेकते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते. गाणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून ती काढणं म्हणजे कुलूप वाजतं म्हणून दार काढून टाकणं.

प्रश्न : लाइट गेली आणि इन्व्हर्टर लागला की स्पीकर भणभणतो. लाइट असतानाही कधी कधी येतो, पण रोज नाही.
वाचक, जालना

उत्तर : इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे का बघा, खोक्यावर लिहिलेलं असतं. त्याच्या लाटेला कोपरे असतात आणि कोपऱ्यातून १५०, २५०, ३५० असे वरचे सूर निघतात. पंखाही तेव्हा गुरगुरत असेल. स्पीकरमध्ये काही बदलू नका. पुढचा इन्व्हर्टर घ्याल तेव्हा साइन वेव्हचा घ्या.

लाइट असताना रोज येत नाही, तर पंखा बघा. गोल फिरवायच्या काही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये वीज दर अर्ध्या लाटेला कापली जाते, सेकंदाला शंभर वेळा, आणि प्रत्येक कापाला एक ठिणगीवजा टचका. पंखा पूर्ण वेगावर न्या. भणभण गेली, तर रेग्युलेटर बदला, टप्प्याटप्प्याचा, आत कंडेन्सर असलेला. थंडीत पंखा बंद असतो तेव्हा आवाज नसतो, असंही तुमच्या लक्षात येईल.

प्रश्न : फोन वाजायच्या आधी स्पीकर "टिडिक टिडिक" करतो. माझ्या बायकोला वाटतं हे शुभ आहे.
वाचक, सोलापूर

उत्तर : शुभ-अशुभ तुम्ही दोघं ठरवा. टू-जीचा फोन टॉवरशी बोलताना सेकंदाला सुमारे २१७ वेळा रेडिओ चालू-बंद करतो, आणि स्पीकरची तार तो ठोका अँटेनासारखा पकडते. फोन दोन हात लांब ठेवा.

आता माझी एक चूक. मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की स्पीकरच्या तारेला स्वयंपाकघरातलं अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळलं तर गुणगुण कमी होते. रत्नागिरीच्या एका वाचकांनी अख्खं बंडल गुंडाळलं, टेबलाखालून चांदीची मगर पडल्यासारखी तार दिसते असं त्यांनी लिहिलंय, आणि आवाजात काडीचा फरक नाही. त्यांचं बरोबर आहे. नुसतं गुंडाळलेलं, कशालाच न जोडलेलं फॉइल फारसं काही अडवत नाही. आणि त्यांच्या पत्रातल्या फोटोत मला दिसलं ते वेगळंच: स्पीकरचा जाडजूड ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर त्याच तारेच्या वेटोळ्यावर बसलाय. त्याची गुणगुण चुंबकाची आहे. ५० आवर्तनांचं चुंबकत्व एवढ्या पातळ अॅल्युमिनियममधून आरपार जातं, त्याला अंतर हाच उपाय. मी त्यांना फोनवर सांगितलं, अडॅप्टर हातभर लांब सरकवा, वेटोळं सोडा, आणि विजेच्या वायरला ओलांडायचंच असेल तर तार आडवी, काटकोनात न्या, समांतर नको. फोन चालू ठेवूनच त्यांनी अडॅप्टर उचलला. "गेला की हो!" असं ओरडले, मग मागे कुणाशी तरी बोलले आणि पुन्हा फोनवर येऊन म्हणाले, ही विचारतेय, फॉइल सोडवून पोळ्यांना वापरू का?

वापरा. आतली बाजू.